धुराचा धनी

प्रभाकर सातपुते गेले ते भाऊबीजेच्या सकाळी, आरवडीच्या छातीच्या दवाखान्यात, खिडकीजवळच्या खाटेवर. पाडव्याच्या पहाटे त्यांना धाप लागली ती उतरलीच नाही. ऑक्सिजन वाढवला, नळी घातली, श्वासनलिका धुऊन पाणी काढलं, पण उपयोग झाला नाही.

वृषाली तोडकर धावत वरच्या मजल्यावर आली तेव्हा इंदुमतीकाकू खाटेशेजारच्या स्टुलावर ताठ बसल्या होत्या. नवऱ्याचा चष्मा पदराने पुसून त्यांनी डबीत ठेवला होता आणि ती डबी दोन्ही हातांत धरली होती. वृषाली त्यांची शेजारीण. एकाच जिन्यावर समोरासमोर दारं. याच दवाखान्याच्या तळमजल्यावर तिची कण-प्रयोगशाळा होती आणि ती तिची प्रमुख होती.

तिने काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. काकू रडत नव्हत्या.

"ह्यांच्या छातीतनं पाणी काढलंय ना, ते तुझ्याकडंच येणार?"

"आलंय, काकू. तपासावंच लागतं. कायदाच आहे तसा."

"मग मला नाव पाहिजे."

"काकू, ते नंतर बघू. आधी..."

"आत्ताच सांगून ठेवते. घडीभरानं माणसं जमतील, रडारड होईल, कुणीतरी म्हणेल झालं गेलं सोडून द्या. जन्मभर सूतगिरणीत कापूस गिळला ह्यांनी. मी किती जणांना विचारलं, हे कुणामुळं झालं? डॉक्टर म्हणाले, वयामुळं. गिरणीवाले म्हणाले, बिडीमुळं. ह्यांनी बिडीला कधी हात लावला नाही. आता पहिल्यांदा कुणाचं तरी नाव निघणार आहे. ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"सांगेन," वृषाली म्हणाली.

फटाक्यांचा नवा कायदा येऊन काही दिवाळ्या उलटल्या होत्या. त्याआधीही बंद्या होत्याच, वेळा ठरवलेल्या होत्या, शांतता क्षेत्राच्या पाट्या होत्या. पण पोलिसांची गाडी येईपर्यंत पोरं पसार व्हायची आणि सकाळी रस्त्यावर लाल कागदांचा खच तेवढा उरायचा. कुणी उडवले हे सिद्ध करणार कसं? धुरावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. मग ते लिहिण्याची सोय झाली.

प्रत्येक फटाक्याच्या दारूत कारखान्यातच एक भुकटी मिसळायची सक्ती आली. तिचे कण केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहून बारीक. आत काचेचा गाभा आणि वर झिर्कोनियाचं चिवट कवच, भट्टीच्या विटांत वापरतात तसलं, त्यामुळे भुईनळ्याच्या ज्वाळेतही कण शाबूत राहायचा. काचेत युरोपियम, टर्बियम अशी मूलद्रव्यं ठरावीक प्रमाणात घातलेली. अतिनील प्रकाश टाकला की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगात चमकायचं आणि त्या रंगांच्या प्रमाणावरून एक क्रमांक वाचता यायचा. प्रत्येक पुड्याचा क्रमांक वेगळा. दुकानात पुडा घेतला की तो क्रमांक फोनवरून घेणाऱ्याच्या नावाला जोडला जायचा. हवेत, गच्चीवरच्या धुळीत, कपड्यावर, कुठेही तो कण सापडला तर त्याचा धनी कोण हे कळायचं.

माणसाच्या फुप्फुसात सापडला तरीही.

राज्याचा कायदा एवढाच होता, की प्रत्येक प्रौढ माणसाला वर्षाला ठरावीक वजनाचे फटाके घेता येतील. ते कुठे उडवायचे, कधी उडवायचे, की अजिबातच नाही, हे ज्या त्या गावाने ठरवायचं. आरवडीत छातीचा दवाखाना होता, म्हणून आरवडीने पूर्ण बंदी घातली. नदीपलीकडच्या भानगावाने संध्याकाळच्या वेळेत मोकळीक ठेवली. मधे एक पूल आणि दोन पाट्या. पण धूर पाट्या वाचत नाही. त्यावर वाद झाले, आणि शेवटी राज्याने एक कलम घातलं: धूर जिथे पोचेल तिथला कायदा त्याला लागू. भानगावात नियमाने उडवलेल्या फटाक्याचे कण आरवडीतल्या रुग्णाच्या छातीत मर्यादेपेक्षा जास्त सापडले, तर पुड्याचा धनी जबाबदार.

या कलमाच्या बाजूने समितीपुढे बोलायला वृषालीच गेली होती. साक्षीदार विसरतो, घाबरतो, विकला जातो, कणाचं तसं नसतं, असं ती तिथे म्हणाली होती. तिला ते तेव्हा मनापासून पटलेलं होतं.

खाली प्रयोगशाळेत तिची सहकारी नाझनीन मुलाणी हिने नमुना लावून ठेवला होता. पडद्यावर आधी साध्या प्रकाशातलं चित्र आलं. काजळीचे पुंजके होते, उसाचं पाचट जाळल्यावर उडतात तसल्या काळ्या चिंध्या होत्या, आणि सगळीकडे पसरलेले, गुंता झालेले, अर्धपारदर्शक धागे. कापसाचे. वर्षानुवर्षं मुरलेले. ते चमकत नव्हते. त्यांच्यावर कुणाचाच क्रमांक नव्हता.

नाझनीनने अतिनील दिवा लावला. त्या सगळ्या काळ्या रानात हिरवे-तांबडे ठिपके उजळले.

"पुष्कळ आहेत मॅडम. मर्यादेच्या वर आहेत. बहुतेक एकाच पुड्याचे."

वृषालीने हवामान केंद्राची नोंद उघडली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नदीकाठची हवा लवकर गार झाली होती. अशा वेळी गार हवा खाली बसते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं, आणि धूर वर जायचा सोडून दुधावरच्या सायीसारखा आडवा पसरतो. वारा भानगावकडून आरवडीकडे, अगदी मंद. दवाखान्याजवळची त्यांची इमारत नदीच्या बाजूलाच होती आणि सातपुतेकाकांना खिडकी बंद केली की गुदमरल्यासारखं व्हायचं.

क्रमांकावरून नाव उघडायला प्रमुखाचा अंगठा लागायचा. वृषालीने तो काचेवर टेकवला.

पडद्यावर नाव आलं: वृषाली हर्षद तोडकर.

यंत्र बिघडलं असेल असं वृषालीला एक क्षण वाटलं. तिने नमुना पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच नाव आलं. या कायद्यानंतर तिने एक फुलबाजीसुद्धा विकत घेतली नव्हती.

दुपारी ती घरी गेली. समोरच्या दारात चपलांचा ढीग होता. अंत्ययात्रेची तयारी हर्षदच बघत होता. बांबू आणण्यापासून फोन करण्यापर्यंत सगळं त्याने अंगावर घेतलं होतं. काकूंना मूलबाळ नव्हतं, आणि हर्षदला त्या मुलासारखं वागवायच्या. "हर्षद, ह्यांच्या भाच्याला कळवलंस का रे?" असं त्या आतून विचारत होत्या.

वृषालीने त्याला घरात बोलावून दार लावून घेतलं.

"माझ्या नावावर फटाके कुणी घेतले?"

तो पलंगाच्या कडेवर बसला. उत्तर द्यायला त्याला वेळ लागला, आणि तेवढ्यात तिला उत्तर कळलं होतं.

"नरकचतुर्दशीला," तो म्हणाला. "तू अभ्यंगस्नानाला गेली होतीस. फोन बाहेर होता. मी त्यावरून दुकानात मागणी नोंदवली."

"का?"

"आप्पांसाठी. माझा वाटा दादाच्या मुलांना दिला होता आधीच. आणि आप्पा... तुला माहीतेय, त्या अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांनी काही मागितलंच नाही कधी. जेवायचं का विचारलं तरी मान फिरवायचे. धनत्रयोदशीला मी गेलो तर बोट दाखवून म्हणाले, झाड. मला कळेना. मग कळलं, भुईनळा म्हणतायत. लहानपणी आम्हाला तेच आणायचे." त्याने तोंडावरून हात फिरवला. "लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भानगावच्या अंगणात खुर्चीत बसवलं त्यांना. एकामागून एक लावले. वेळेच्या आत, सगळं नियमाने. वृषाली, ते हसले. अर्ध्या तोंडाने का होईना, हसले."

ती उभीच होती.

"मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

हे खरं होतं, म्हणून तिला जास्त राग आला.

"काकांच्या छातीत ते आहेत, हर्षद. माझ्या नावाने."

त्याचा चेहरा उतरला. बाहेर कुणीतरी त्याला हाका मारत होतं. तो उठला, पुन्हा बसला.

"नमुना खराब झाला असं लिहिता येतं ना? दूषित म्हणून? तूच सांगायचीस, कधीकधी टाकून द्यावे लागतात."

"येतं."

"मग? काकांचं वय, त्यांची छाती... तू स्वतः म्हणायचीस की कापसानेच पोखरलीय म्हणून. चार भुईनळ्यांनी माणूस जातो का?"

"ते मला माहीत नाही," वृषाली म्हणाली. "कण कुणाचा ते सांगतो. माणूस कशाने गेला ते नाही सांगत."

"समितीपुढे हे म्हणाली होतीस का?"

वृषालीने दाराची कडी काढली. तो बाहेर गेला आणि त्याने तिरडीला खांदा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूल ओलांडून भानगावला गेली. का जातेय हे तिला नीट सांगता आलं नसतं. भांडायला असेल, किंवा आपल्याला भांडता येतंय का ते बघायला. अंगणात फरशीवर भुईनळ्यांचे काळे गोल डाग अजून होते. आप्पा ओसरीवर खुर्चीत बसले होते. तिला बघून त्यांनी चांगला हात उचलला.

"सूनबाई." शब्द घरंगळत आला. मग त्यांनी फरशीकडे बोट केलं, ते बोट हळूहळू वर नेलं आणि पाचही बोटं उघडली. "झाड. एवढं."

"आवडलं का, आप्पा?"

त्यांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं होतं. झटक्यानंतर त्यांना पटकन पाणी यायचं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. ते बराच वेळ तिच्या हातावर थोपटत राहिले. वृषालीने त्यांची शाल सारखी केली, पाणी पाजलं आणि निघाली.

परत येऊन तिने प्रयोगशाळेच्या किल्ल्या नाझनीनच्या हातात दिल्या. यापुढे या नमुन्याला आपण स्वतः हात लावणार नाही, वरच्या कार्यालयाला निकाल नाझनीननेच कळवायचा, असं सांगितलं.

"मॅडम, अजून पाठवलेला नाही मी," नाझनीन हलक्या आवाजात म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं करू."

"नियमाप्रमाणे कर. आणि त्या धाग्यांची चित्रंही जोड."

"ती मागितलेली नाहीत त्यांनी."

"तरी जोड."

मग ती जिना चढून समोरच्या दारात गेली. काकूंच्या घरात दिवा तेवत होता. भाचा वाण्याकडे गेला होता. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. वृषाली त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. येताना तिने वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरली.

"काकू, नाव निघालं. माझं आहे."

काकूंना ते कळायला वेळ लागला. त्यांना वाटलं, नाव माझ्याकडे आहे असं ती म्हणतेय.

"कुणाचं?"

"माझं. माझ्या नावावर घेतलेल्या फटाक्यांचा धूर होता. भानगावात उडवले. वारा इकडचा होता."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. याच बाईने दोन वर्षं ह्यांना वाफ द्यायची कशी ते शिकवलं होतं. रात्री-अपरात्री धाप लागली की हिचीच कडी वाजवायची सवय होती.

"तू उडवलेस?"

"नाही."

"मग कुणी?"

वृषालीने खाली बघितलं. "कायद्याला उडवणारा लागत नाही, काकू. धनी लागतो. तो मी आहे."

"कायद्याचं मी नाही विचारलं."

तरीही वृषाली बोलली नाही. कायद्यात आणखी एक गोष्ट होती. पुड्याच्या धन्याने दुसऱ्याचं नाव घेतलं तर चौकशी जिथे फटाके उडाले त्या घरापर्यंत जायची, घरातल्या प्रत्येकाला विचारलं जायचं. तिला आप्पांची उघडलेली बोटं दिसत होती. आणि दुसरंही एक होतं. हर्षदने आपणहून बोलावं, ही तिची इच्छा होती. आपण त्याचं नाव घेतलं तर ती संधी त्याच्या हातून जाईल, असं तिला वाटत होतं.

"जा तू," काकू म्हणाल्या. "आत्ता जा."

काकूंनी तक्रार दिली. ती देताना त्यांनी सूतगिरणीचंही नाव घालायला सांगितलं. तक्रार लिहून घेणाऱ्या बाईंनी समजावलं, की गिरणीच्या धुळीला क्रमांक नसतो, त्यामुळे या कायद्याखाली ते घालता येत नाही. काकू म्हणाल्या, मग कोऱ्या कागदावर घाला. त्या बाईंनी ते घातलं.

सुनावणी तालुक्याच्या गावी झाली, थंडी पडल्यावर. त्याच्या आदल्या दिवशी जेवताना हर्षद म्हणाला होता, "उद्या मी सांगतो. उभा राहून सांगतो." वृषालीने त्याच्या ताटात भाकरी वाढली. कितीतरी दिवसांनी तिने त्याला आपल्या हाताने वाढलं होतं.

सुनावणीची खोली लहान होती. अधिकारी वयस्कर होते, सभ्य होते. नाझनीनने निकाल वाचून दाखवला. मग त्यांनी वृषालीला उभं केलं.

"हा पुडा तुमच्या नावावर आहे, हे मान्य?"

"मान्य आहे."

"आपण स्वतः या कणशास्त्राच्या जाणकार आहात. निकालाबद्दल काही शंका?"

"कणाबद्दल नाही. पण त्या चित्रांत आणखी काही आहे. कापसाचे धागे आहेत, फुप्फुसात खोलवर रुतलेले. काका आजारी पडले ते त्या धाग्यांमुळे. धुराने त्यांचा शेवट झाला असेल किंवा लवकर झाला असेल, किती लवकर ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही. ज्याच्यावर क्रमांक आहे तेवढंच आपल्याला दिसतं."

"हे तुम्ही स्वतःच्या बचावासाठी सांगताय?"

"नाही साहेब. माझी जबाबदारी मी घेतली आहे. हे काकूंसाठी सांगतेय. त्यांनी विचारलं होतं."

अधिकाऱ्यांनी लेखणी थांबवली. मग म्हणाले, "या कायद्याच्या कक्षेत ते येत नाही. तरी एक ओळ लिहून घेतो." आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. "फटाके तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणी उडवले, असं तुमचं म्हणणं आहे का?"

वृषालीने मागे वळून पाहिलं.

हर्षद शेवटच्या बाकावर होता. त्याने समोरच्या बाकाची पाठ घट्ट धरली होती. तो उठेल असं वाटलं. त्याचे खांदे पुढे झाले. मग तो पुन्हा मागे टेकला आणि आपल्या बुटांकडे बघू लागला.

"माझं काही म्हणणं नाही," वृषाली म्हणाली.

पहिल्या रांगेत बसलेल्या काकूही मागे वळल्या होत्या. वृषाली कुणाकडे बघत होती ते त्यांनी पाहिलं.

निकाल तिथेच लागला. वृषालीचा प्रमाणनाचा परवाना रद्द झाला, प्रयोगशाळा सुटली, आणि वर्षभर छातीच्या वॉर्डात रुग्णसेवा करायची ठरली. तिने सही केली. लिहून घेतलेली ती एक ओळ निकालात शेवटी होती, बारीक अक्षरात.

बाहेर आवारात उन्हाला एक सिमेंटचा बाक होता. काकू तिथे बसल्या होत्या. वृषाली त्यांना टाळून पुढे जाणार, तेवढ्यात त्यांनी तिला हाताने बोलावलं. ती जाऊन शेजारी बसली.

"नवऱ्यानं उडवले तुझ्या," काकू म्हणाल्या.

वृषालीने नकार दिला नाही.

"त्याला हौस नाही फटाक्यांची. इतकी वर्षं बघतेय मी. कुणासाठी?"

"आप्पांसाठी. माझ्या सासऱ्यांसाठी. ते खुर्चीला खिळल्यासारखेच आहेत. त्यांनी मागितले."

आवारात एक शिपाई पाचोळा गोळा करून ढीग करत होता.

"त्यांना कळलंय का, इकडं काय झालं ते?"

"नाही."

"मग सांगू नका कुणी." काकूंनी पदर खांद्यावर घेतला. "मला वाटायचं, नाव कळलं की बरं वाटेल. बरं नाही वाटत. नुसतं कळतं. त्या म्हाताऱ्याला कशाला ते."

रडायचा हक्क इथे आपला नाही असं वृषालीला वाटलं.

"तक्रार मी मागं घेतली नाही, आणि घेतलीही नसती," काकू म्हणाल्या.

"नव्हतीच घ्यायची, काकू."

हर्षदने गाडी आवारात आणून बाकाजवळ उभी केली आणि काच खाली केली. तालुक्याहून आरवडीला जायला आता दुसरं काही वाहन नव्हतं. वृषालीने मागचं दार उघडून काकूंना बसवलं. मग ती स्वतःही मागेच बसली, त्यांच्या शेजारी. पुढची जागा रिकामी राहिली.

गाडी रस्त्याला लागली. हर्षदने आरशात पाहिलं. त्याचा आवाज बसला होता.

"काकू, मी तिथे बोलणार होतो. मी..."

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. आजवर त्याला अरे-तुरे करणाऱ्या त्या बाईने मान न वळवता सांगितलं, "तुम्ही गाडी चालवा."